अदबीचे शिक्के

नागोया स्टेशनात नूडल्सच्या रांगेत माझ्यापुढे बॅटरी कंपनीतले दोघे होते, साहेब आणि त्यांच्या हाताखालची इगाराशी.

“साहेब, मी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, चाळिसाव्या चार्जिंगला आतला लेप तडकला आणि बॅटरी मेली.”

“मेली काय? मी ‘दमली’ केलं. आणि खाली माझा शिक्का विभागप्रमुखांच्या शिक्क्याच्या जागेकडे वाकवून मारला, वरिष्ठांपुढे मान झुकवावी तसा, अदबीनं.”

“आणि त्यांनी?”

“‘विश्रांती घेते’ केलं. त्यांचा शिक्का संचालकांकडे वाकलेला.”

“संचालकांनी?”

“‘लेप अपेक्षेपेक्षा टिकाऊ.’ अध्यक्ष इतके खूश, की आजच ती बॅटरी स्वतःच्या गाडीत बसवून घेताहेत.”

“अहो, भर हायवेवर बंद पडेल ती! खरं सांगा ना त्यांना!”

“सांगायलाच हवं. तू अहवाल लिही, आम्ही शिक्के मारून वर पाठवतो.”