शांत मुलीचा बाक

— नको टीचर, उभीच बरी आहे मी. मार्कांबद्दल बोलायला नाहीच आले. श्रिया गुणी आहे, शांत आहे, दर ओपन हाउसला हेच ऐकते. मग त्या गुणाचं फळ काय, तर हा ऋतुराज? पहिलीत तो चावरा मुलगा, दुसरीत तो सारखा भोकाड पसरणारा, आणि आता तिसरीत हा — वर्गात जो कुणाला आवरत नाही तो आणून माझ्या मुलीच्या बाकावर बसवायचा. तुम्ही टीचर लोक एकमेकींना सांगून ठेवता का हो, की हिच्या शेजारी बसवा, गप्प होतो? हसू नका. किळस येते मला. शेंबूड हिच्या बाहीला पुसतो, हिचं खोडरबर चघळून तसंच ओलं पाऊचमध्ये टाकतो — शी — आणि काल आंघोळ घालताना बघते तर दंडावर पेन्सिलचं टोक खुपसल्याचे काळे ठिपके. विचारलं तर म्हणे, टीचरनी सांगितलंय, त्याला सांभाळ. सांभाळ? आई आहे का ती त्याची? बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ते हेच.

माहितीये, वर्ग मोठा, तुम्ही एकट्या. ट्रेनिंगमध्येच शिकवत असतील, मस्तीखोर पोराजवळ शांत मूल बसवा म्हणून. त्या पोराचं भलं होतही असेल, नाही कुठे म्हणते. पण शांत मुलाचं काय होतं, ते कुणी शिकवलं? मी सांगते. कुणाचाही आवाज चढला की ही हातातलं सोडून आधी त्या माणसाचं तोंड बघते — किती चिडलाय, ते. परवा आमटी खारट झाली, ह्यांनी ताट भिरकावलं, माझ्यावर हात उगारला, तर मी काही म्हणायच्या आत पोरगी उठून ह्यांना चिकटून बसली. हात खाली आला. ती जवळ असली की नाही मारत ते — म्हणून तर जेवताना मीच तिला ह्यांच्या शेजारी —

तसं नाही हो टीचर. वागळे इस्टेटमधली ह्यांची कंपनी बंद पडायला आलीये, डोकं तापतं माणसाचं. कुणाच्या घरी नसतं? असं बघू नका माझ्याकडे. आणि तिला ह्यातलं काही विचारायचं नाही, सांगून ठेवते.

बाक तेवढा बदला. कुणाजवळही बसवा, एकटी बसवा, पण इथे तिच्यावर कुणाला सोपवू नका. घरी नाही बदलता येत मला तिची जागा.

कुठे सही करू? द्या पेन. बाहेर पालक थांबलेत.