पत्र्यावरचा हात

– बस, बस, फाटकाकडे बघून गाडी उगवणार नाही. लाओसातून इकडे व्हिएतनामात गाड्या आणण्यात जन्म गेला माझा, पोरी, पण या सरहद्दीवर एकही प्रवासी मागे राहू दिला नाही – म्हणजे, मुद्दाम ठेवले तेवढे सोडून. हसायला काय जातं तुझं? आणि पायांत काय हे? गाडीतल्या टोपलीतल्या सपाता, त्याही दोन्ही डाव्या. बूट पिशवीत घालून उशाशी ठेवायचे, खाली उतरताना सगळ्यांच्या सपाता अडकवायच्या – स्लीपर गाडीची रीत पाळलीस, शाबास. आता बूट गाडीबरोबर चालले विन्ह शहराला, आणि तू इथे माझ्या टपरीवर. चेहरा आमचा, भाषा आजीकडून उसनी आणलेली, पासपोर्ट जर्मनीचा – म्हणून तर खिडकीवरच्या साहेबाने तुला सगळ्यांच्या मागे ठेवलं. पाठीवर बोचकं घेऊन देश बघायला निघालीस ना? मग बघ. फोन ठेव गं खाली, दर दोन घासांना काय बघतेस त्यात? पेज खा. वाम माशाची आहे. मिरची झोंबतेय? झोंबू दे.

ड्रायव्हरची चूक? छे. थुआन माणसं मोजल्याशिवाय गाडी हलवत नाही – म्हणजे मोजतो कंडक्टर, आणि त्याने बाहेरून पत्र्यावर हात मारला की गाडी सुटते. हा नवा कंडक्टर कसला, पुढच्या बर्थवर तोंड उघडं टाकून घोरत होता. मग हात कोणी मारला? वाऱ्याने? मी मारला. दोन लागोपाठ, तिसरा जरा दमाने – असा हात या घाटात दुसऱ्या कोणाचा नाही. थुआन गिअर टाकायला शिकला तो याच्यावर. डोळे काय वटारतेस? गंमत केली. माझाच मुलगा आहे तो, पोटचा. मीच होतो त्याचा कंडक्टर. एका गोऱ्याचा पासपोर्ट भाताच्या डब्यात लपवला – गमतीनेच की – तर साहेबांनी गाडी अडवून धरली, आणि या लेकाने मला इथेच खाली उतरवलं, चारचौघांत. ‘बाबा, उतरा.’ बस, एवढंच. तेव्हापासून गाडी रोज माझ्या समोर लावतो आणि काच खाली करत नाही. आता बघतो कशी करत नाही. माणूस मागे राहिलं की ड्रायव्हरला वळावंच लागतं, नाहीतर मालक ठेवेल का त्याला? येईल. यायलाच पाहिजे. – ए, त्या पातेल्यातला हात काढ, ती तळाची दाट पेज तुझ्यासाठी नाही, लहानपणापासून त्याचीच असते ती. आणि ऐक, तो आला की तू काही बोलायचं नाहीस. म्हणायचं, माझंच चुकलं, मीच उशीर केला. आणि सावकाश खा. तुझं खाणं होईपर्यंत बसेल ना तो, बसावंच लागेल – परत फोन? एवढं काय आलंय त्यात? वाच की मोठ्याने.

“आजोबा, थुआनचा मेसेज आहे, तिकिटावरच्या माझ्या नंबरावर. हात तुमचा होता हे त्यांना कळलं, म्हणून पुढच्या वळणावर थांबून त्यांनी माणसं मोजली. माझे बूट आणि सामान तिथल्या पेट्रोल पंपावर ठेवलंय, मागच्या गाडीत जागा सांगितलीय. आणि तुमच्यासाठी लिहिलंय – मी वळणार नाही, तळाची पेज राखून ठेवू नका.”