सूनबाईचं दोन प्लस

नाथाजी: आगं दीपमाला, तोंड गोड कर आधी. तू गावची आशाताई, ह्यात तुझंबी कौतुक हाय.

दीपमाला: पेढा ऱ्हाऊ द्या आबा. अंकिताचा बीपी बघायचाय. आणि पेढे कसले? डोहाळजेवण तर रविवारी हाय न्हवं?

नाथाजी: हे रिपोर्टाचं. सोमवारी उपकेंद्रात सूनबाईची लघवी तपासली. प्रोटीन निघालं. दोन प्लस.

दीपमाला: काय निघालं?

नाथाजी: दोन प्लस. सातव्या महिन्यातच. बिराप्पाची सून तिच्याच संगं गेलती, तिचं निल. काईच न्हाई. डेअरीवर दूध घालायला आला तवा मी त्येला सांगितलं, तर तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. म्हटलं, गड्या, वाईट वाटून घिऊ नगं. सुनंला अंडी चार, फुडच्या खेपंला येईल एखादा प्लस.

दीपमाला: आबा, हे तुम्ही डेअरीवर सांगितलं?

नाथाजी: सगळ्या रांगंला. बावीस वर्सं गावाचं दूध तपासतोय मी. आकडा चढला की माल चांगला. म्हशीला आठचं फॅट लागलं की मालक कसा ताठ चालतो, बघितलंयस न्हवं?

दीपमाला: रिपोर्ट देताना सिस्टर काय म्हणाल्या?

नाथाजी: लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाल्या.

दीपमाला: मग?

नाथाजी: मग काय, न्हेऊ की. एवढं चांगलं आल्यावर मोठ्या डाक्टरला बघावं वाटणारच. आमची म्हस न्हाई का प्रदर्शनाला बोलावली हुती? म्हटलं, रविवारचा कार्यक्रम उरकू, सोमवारी न्हेऊ.

दीपमाला: आज गुरुवार हाय आबा. चार दिवस झालं. अंकिता, ये गं, बस इथं. पायात काय घातलंयस हे?

अंकिता: आबांच्या चपला आहेत, ताई. माझ्या पायात जाईनात.

नाथाजी: बघ, अंग कसं भरलंय.

दीपमाला: भरलं न्हाई, सुजलंय. तोंडपण सुजलंय. पाठ टेकून बस, हात टेबलावर ठेव. आता कुणी बोलायचं न्हाई. आबा, तुम्हीपण.

नाथाजी: मी कुठं बोलतोय?

दीपमाला: एकशे छप्पन्न, एकशे चार.

नाथाजी: ह्यातबी वरच हाय पोरगी.

अंकिता: आबा, ते चांगलं नसतं हो.

नाथाजी: मग काय कमी असलेलं चांगलं?

दीपमाला: ऐका. तुम्ही चहा गाळता. पावडर कुठं ऱ्हायला पायजे?

नाथाजी: गाळणीत.

दीपमाला: आणि कपात आली तर?

नाथाजी: तर गाळणी फाटली. एवढं तर बाईमाणसालाबी कळतं.

दीपमाला: तसंच हाय हे. प्रोटीन अंगात ऱ्हायला पायजे. ते लघवीत यायला लागलंय आणि वर बीपी चढलाय. हिला झटके येऊ शकतात. बाळाला रक्त कमी पडू शकतं. बिराप्पाच्या सुनंचं निल आलं, तेच बरोबर आलंय.

नाथाजी: म्हंजी मी चार दिवस पेढं वाटलं ते...

दीपमाला: व्हय.

नाथाजी: आणि बिराप्पाला धीर दिला तो...

दीपमाला: तोपण.

नाथाजी: आरं देवा. त्यो रोज चार अंडी न्हेतोय गं.

दीपमाला: अंड्यांनी काय हुत न्हाई. हिचं बघा. खात्रीला परत एकदा लावते. हात ढिला सोड. एकशे अठ्ठावन्न, एकशे चार. आबा, जीप काढा. सांगलीला जायचं.

नाथाजी: आत्ता? हिची सासू शिराळ्याला भावाला आवतान द्यायला गेलीय. जेवणाला दोनशे पान सांगितलंय. झोपाळ्याला फुलं सांगितल्यात. तिला काय सांगू मी? आज न्हेऊन रविवारपुरती आणता न्हाई यायची?

दीपमाला: ते डॉक्टर ठरवतील. अंकिता, डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं काय दिसतं?

अंकिता: काजवे चमकल्यासारखं होतं. डोकं परवापासनं दुखतंय.

दीपमाला: परवापासनं? मग बोलली का न्हाईस?

अंकिता: कुणाला बोलू? आबा सगळ्या गावाला सांगत होते माझ्याबद्दल. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पहिल्यांदाच कुणीतरी इतकं कौतुक करत होतं. मला वाटलं, रविवारपर्यंत काढू कसंतरी.

नाथाजी: दीपमाला, फुडं हो. मी किल्ली घिऊन आलो.

दीपमाला: आणि डेअरी? संध्याकाळची रांग लागंल आता.

नाथाजी: लागू दे. म्हणावं, आज ज्येनंत्येनं आपापलं दूध प्यावं.

(जीप सांगलीच्या रस्त्याला लागली आहे. दीपमाला मागं अंकिताजवळ बसली आहे.)

अंकिता: आबा, आत्यांना फोन केला का?

नाथाजी: केला. दोनशे पान रद्द म्हटल्यावर शिव्या घातल्या. मग कारण सांगितलं, तर आणखी घातल्या. शिराळ्यासनं थेट दवाखान्यातच येतीय. बिराप्पालाबी केला. म्हटलं, तुझ्या सुनंचा रिपोर्ट पयल्या नंबरचा हाय, चुकी माझी झाली.

दीपमाला: काय म्हणाला?

नाथाजी: काय न्हाई. तुमची सून कशी हाय, म्हणाला.

दीपमाला: बीपी लय हाय, पण वेळेत निघालोय. हळू चालवा.

नाथाजी: हळूच चालवतोय. अंकिता, डोकं कितपत दुखतंय?

अंकिता: थोडं.

नाथाजी: थोडं न्हवं. खरं सांग.

अंकिता: लय दुखतंय, आबा.

नाथाजी: हां. आता असंच सांगत जा.