शेवटचा एल

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘काका, नंबर नीट वाचला नव्हता का?’ अहो, वाचला होता, चष्मा लावून वाचला होता, बोट ठेवून वाचला होता, मोठ्यानं वाचून दाखवला होता, आता वाचलं एक आणि निघालं भलतंच, त्याला मी काय करू? अक्षर एकच होतं, तुम्हाला सांगतो. तेही शेवटचं.

म्हणजे कसं आहे, माझं रंगांचं दुकान. भिंतींचे रंग. या धंद्यात माणसाचं आयुष्य नंबरांत जातं. गिऱ्हाईक येतं, डोळे अर्धे मिटून म्हणतं, ‘मला ना, सकाळचं धुकं हवंय.’ शेडकार्डावर नावच तसं छापलेलं असतं, त्याचा काय दोष? आता धुकं म्हणजे काय, तर आठशे चार. पांढऱ्यात चिमूटभर काळा, थेंबभर निळा, मशीन गरगर फिरवलं की झालं धुकं, झाकण ठोकलं आणि दिलं. नंबराच्या शेवटी डी असला तर डीप, एल असला तर लाइट. झोपेतून उठवून विचारा मला. त्यामुळे नंबर म्हटला की आपला प्रांत, अशी माझी समजूत...

तर आमची ही. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, घाबरलेल्या लोकांना धीर देते. संध्याकाळी सुटते, चालत घरी येते. वाटेत वाद्यांचं दुकान. एक दिवस मी दुकान लवकर बंद करून निघालो, तर ही त्या काचेसमोर उभी. हातात पिशवी, माणसं धक्के देऊन जातायत, हिला पत्ता नाही. काचेत एक इलेक्ट्रिक गिटार लटकवलेली, फिकट निळी, पाऊस पडून गेल्यावर जो एक कोपरा आधी उघडतो ना आकाशाचा, तसली. मी मागे जाऊन उभा राहिलो. हिला कळलंच नाही. मी आपला हिच्याकडे बघतोय, ही गिटारीकडे, आणि रस्त्याचा आवाज कसा कोणीतरी बटण फिरवून कमी केल्यासारखा... शेवटी म्हटलं, ‘काय बघतेस?’ तर दचकली. म्हणाली, ‘काही नाही हो. रंग बघत होते.’

आता मला सांगा, रंगवाल्याच्या बायकोला रंग बघायला रस्त्यात थांबावं लागतं?

पुढच्या आठवड्यातही दोनदा दिसली तिथेच. मग मी ठरवलं, घ्यायची. शिरलो दुकानात, म्हटलं, बायकोसाठी काचेतली ती निळी गिटार हवीय. मालक तरुण, डोक्यावर अंबाडा, आणि आवाज असा की हा आत्ताच झोपेतून उठलाय किंवा आता झोपायला निघालाय. म्हणाला, ‘काचेतला पीस विकला गेलाय काका. मागवू तुमच्यासाठी. या, नंबर बघा.’ आणि समोर पुस्तक उघडलं. केआर-२२-एचएसएस-बीएल. त्याच्याखाली केआर-२२-एचएसएस-बीएल-एल. पानभर हेच. वाटलं, आगगाडीचे डबे मोजतोय.

म्हटलं, जरा उलगडून सांगा. तर तो त्या झोपाळू आवाजात सांगायला लागला, ‘केआर म्हणजे किनारा, हे घराण्याचं नाव. बावीस म्हणजे दांडीवरच्या पट्ट्या. एचएसएस म्हणजे तारांखालचे चुंबक, एक जाडा, दोन सडपातळ. जाडा गुरगुरतो, सडपातळ झऱ्यासारखे वाजतात...’ आणि तुम्हाला सांगतो, मी उभ्या उभ्या कुठे गेलो देव जाणे. किनारा, त्यावर बावीस लाटा, एका बाजूला जाडा माणूस गुरगुरत झोपलाय, आणि लांब ओल्या वाळूवर आमची ही, चपला हातात घेऊन... आठशे चार नंबरच्या धुक्यात. ‘बीएल म्हणजे ब्ल्यू,’ त्यानं सांगितलं तेव्हा मी परत आलो.

‘आणि शेवटचा एल—’ तो म्हणाला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी हात केला. ‘राहू द्या. एल मला कळला. एलवालीच मागवा.’

‘एलवाली? नक्की? काकूंसाठीच ना?’

‘अहो, इतक्या वर्षांचा संसार आहे. मला माहीत नाही होय?’

अक्षर एकच. तेही शेवटचं.

महिन्याभरानं तो स्वतः घरी घेऊन आला. खोकं उघडलं, तर आत काळपट निळी, दिवे लागायच्या जरा आधीची. माझं डोकं सरकलं. ‘ही लाइट आहे? एल म्हणजे लाइट ना?’

तो शांतपणे म्हणाला, ‘एल म्हणजे लेफ्ट, काका. डावखुऱ्यांची आहे ही, त्यांच्यात निळा हा एकच येतो. तुम्हीच म्हणालात ना, काकूंसाठी.’

‘डावखुऱ्यांची? आमच्या घरात कोणी डावखुरं नाही. उचला. बदलून आणा.’

‘आणतो की,’ म्हणून तो वाकला, आणि ही म्हणाली, ‘थांबा जरा.’

साधंच म्हणाली. पण तो थांबला, मीही थांबलो. हिनं गिटार उचलली, खुर्चीत बसली, मांडीवर घेतली. दांडी उजव्या हातात, डावा हात तारांवर. कोणी शिकवलं नव्हतं. बसलीच ती तशी, मांजर येऊन बसतं तशी.

‘मी डावखुरीच आहे,’ ही म्हणाली. ‘होते. लहानपणी बाबा डावा हात रुमालानं खुर्चीला बांधून लिहायला बसवायचे. मग सवय झाली उजव्याची.’

मी म्हटलं, ‘कधी बोलली नाहीस?’

‘त्यात काय बोलायचं? मीच विसरले होते. त्या दुकानात काचेच्या आत बाजूच्या भिंतीला आरसा आहे ना, त्यात ती गिटार उलटी दिसायची. मी आरशातलीच बघत उभी राहायचे. वाटायचं, ही मला येईल.’

अंबाडेवाला खोक्याचा पुठ्ठा घडी घालत बसला, घडी पडेना तरी घालत बसला. आणि मला एकेक आठवायला लागलं... ओट्यावरून कप निसटला की झेलायची डाव्यानं. तापात माझ्या कपाळावर हात ठेवायची, तोही डावाच. सगळं डोळ्यांसमोर होतं हो, पुरा नंबरच्या नंबर छापलेला, आणि मी आपला पहिली दोन अक्षरं वाचून पान उलटत राहिलो.

तिनं एक तार छेडली. वायर जोडलेली नव्हती, त्यामुळे आवाज एवढासा, आपल्याच कानात आल्यासारखा. मग दुसरी. मी हळूच म्हटलं, ‘राहू द्या, बदलायची नाही.’ अंबाडेवाला केव्हा गेला, आम्हाला कळलंच नाही.

तेव्हापासून घरात सगळं फिरलंय. लिहिणं डाव्यानं, ढवळणं डाव्यानं, शेगडीजवळची भांडी इकडची तिकडे, मला चमचा सापडत नाही. काही म्हटलं की हसते. परवा म्हणाली, ‘अहो, या कुशीवर डावा हात दबतो. तुम्ही भिंतीकडे या ना.’ लग्नापासून मी खिडकीच्या बाजूचा माणूस. काय करणार, उशी उचलली, सरकलो. आता रोज पडल्या पडल्या नाकासमोर भिंत. रंग मीच दिलाय तिला, लग्नाच्या वर्षी. इतक्या जवळून बघितल्यावर आत्ता लक्षात येतंय, दुसरा हात द्यायचा राहूनच गेला होता.