निशिगंधाची हाक

(महाडच्या बाजारपेठेतल्या एका इमारतीची गच्ची. एप्रिलमधली दुपार. निशिगंधा, तिचा चुलतभाऊ गंधार आणि दोघांचे काका सयाजी.)

निशिगंधा : अरे दादा, मी फक्त धाकट्या विनीतला हाक मारली! डबा विसरून क्लासला निघाला होता. गॅलरीतून ओरडले, एवढंच!

गंधार : आणि शिवथरहून मामांचा फोन आला, कुणाचा डबा राहिला म्हणून! वरंधच्या आत्याचाही आला. पोलादपूरच्या स्टँडवर म्हणे ड्रायव्हर स्वतःचा डबा शोधायला लागला!

सयाजी : आन्नांची हाक ही! माझ्या बापाची! टेकाडावरनं आवाज दिला की खोऱ्यातल्या ज्याच्या त्याच्या कानाशी यायचा. आन्ना गेले नि मला वाटलं, आटली ती.

गंधार : आटली नव्हती. मला यायची होती. थोरल्या घरातल्या थोरल्याला मिळते, तुम्हीच सांगत आलात ना, काका? या गच्चीवर घसा फोडून घेतलाय मी. शेजारीपाजारी हसायचे.

निशिगंधा : मी मागितली नव्हती रे.

गंधार : माहितीय. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

सयाजी : भांडा मागनं! तिकडं बघा, दासगावच्या डोंगरावर. धूर हाय तो.

गंधार : वणवा! वरच्या वाडीच्या अगदी खाली! पण वाडीतले सगळे तर इथे लग्नाला आलेत.

सयाजी : सगळे नाय. मैना पोरांना घेऊन घरीच ऱ्हायलीय. हैबती पण हाय, त्याचे गुडघे चालत नाय.

निशिगंधा : फोन लावा ना!

सयाजी : वाडीत रेंज कुठं हाय गो? तूच हाक मार!

निशिगंधा : आणि काय सांगू? पळा म्हणू? कुठे?

सयाजी : वाटेनं खाली उतरा म्हण.

गंधार : नको! वाट वाळल्या गवतातून जाते. सरळ आगीत जातील. थांब... देवळामागे भाताची खाचरं आहेत. आत्ताच पालापाचोळा जाळून राब भाजलेत तिथे. सगळं काळं पडलंय, जळायला काडी नाही.

निशिगंधा : नक्की?

गंधार : आपला राब मीच भाजलाय, काकांबरोबर.

निशिगंधा : मग तू सांगत जा, मी हाक देते. मैनाआजीऽऽ! पोरांना घ्या! देवळामागच्या राबावर चलाऽऽ! खाली उतरू नकाऽऽ!

सयाजी : आयला! कानात घंटा वाजावी तशी वाजली! खाली बघ रे, अख्खा बाजार उभा ऱ्हायलाय!

निशिगंधा : श्शऽ! उत्तर येतंय! दादा, मला त्यांचं ऐकू येतंय! ‘आले गो, आले,’ म्हणतायत आजी. पोरं खोकतायत... हैबतीबाबा हलत नाहीत. म्हैस टाकून येणार नाही म्हणतात.

गंधार : दावं सोडायला सांग. म्हैस निघाली की तेही निघतील तिच्यामागे.

निशिगंधा : हैबतीबाबाऽऽ! दावं सोडा! म्हशीला घेऊनच या! अरे, दोन पोरांनी धरलंय म्हणे त्यांना... चला, चला, देवळामागेऽऽ!

सयाजी : लग्नातली माणसं धावली बघ! टेम्पो काढला. झाडाच्या फांद्या तोडून घेतायत आग झोडायला. कुणी सांगितलं त्यांना?

गंधार : त्यांनीही ऐकलंच की, काका!

निशिगंधा : पोहोचले! सगळे राबावर आलेत! आजी पोरं मोजतायत... आहेत, सगळी आहेत! आग बाजूनं वर निघून गेली म्हणतायत, दादा! गोठा जळाला, पण माणसं आहेत!

गंधार : गंधा! अगं, काय केलंस तू!

निशिगंधा : आपण केलं. मला राब कुठे माहीत होता? ...थांब, आजी काहीतरी विचारतायत.

गंधार : काय?

निशिगंधा : आता घरी जाऊ का, म्हणून. मी सांगेन तेव्हाच हलणार म्हणतात.

सयाजी : आन्नांनाबी असंच इचारायचे.

निशिगंधा : दादा, काय सांगू?

गंधार : तुला काय वाटतं?

निशिगंधा : वारा अजून आहे. थोडं थांबावं.

गंधार : मग तसं सांग. मी आहे इथेच.