झबल्यावरचं नाव

हॅलो?… हां रसिका, बोल… नाही गं, घरी कुठली? शांती नगरला आलेय, साहिलच्या प्रिंटिंगच्या दुकानात. बाळाच्या झबल्यावर नाव घालायला…

काय नाव? वा गं वा. रविवारी बारशाला पाळण्यात कळेल. तुम्ही दोघंच म्हणालात ना, ताई, आत्या तुम्ही, नाव तुम्हीच ठेवा? मग आता धीर धरा… परागला? भाऊ असला म्हणून काय झालं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही…

हो, हो… अगं ऐक ना, छापायचं कसं तेच ठरेना. स्क्रीन प्रिंट म्हटलं, तर एका झबल्यासाठी फ्रेम बनवायची म्हणजे कपभर चहासाठी म्हैस घेणं. पन्नास टी-शर्ट असते तर ठीक… नाही, डीटीएफपण बघितलं. फिल्मवर छापून गरम दाबून चिकटवतात. रंग झकास, पण हाताला प्लास्टिक लागतं. या उकाड्यात छातीवर स्टिकर लावून झोपेल का ती?… सब्लिमेशन? तूपण गुगल केलंस वाटतं… मऊ येतं, शाई कापडातच मुरते, पण पॉलिस्टर लागतं. मी सुती आणलंय. प्रत्येक नमुना गालाला घासून बघतेय… हसू नकोस, इथे साहिलपण हसतोय.

शेवटी मशीनचं भरतकाम… टोचेल? तेच म्हटलं मी. म्हणून आतून अस्तर लावतोय, जुन्या सुती साडीचं… आहे एक. कोणाची ते विचारू नकोस.

थांब, साहिल बोलावतोय, धर जरा… हां साहिलभाई, वैजयंता. व पे दो मात्रा, य के ऊपर बिंदी. हां, बराबर… हां रसिका, काय म्हणत होते मी?… हॅलो?… आवाज येतोय का?…

अरे देवा. ऐकलंस.

हो… हो गं, तुझ्या आईचंच… जुनं तर जुनं. नाव ठेवायचा मान माझा, कोण काय बोलतंय बघू. नातीसाठी दुपटी शिवून ठेवली होती त्यांनी, तिचं तोंड बघायचं तेवढं राहिलं… रडू नकोस, बाळ उठेल… साडीपण त्यांचीच. परवा वरसावेला जाऊन तुझ्या बाबांकडून आणली. कशाला हवी, विचारलंही नाही त्यांनी. कपाटातून काढली, घडी नीट केली आणि दिली.

ऐक आता. रविवारी मी पाळण्यात वाकले की तोंड असं कर, जसं पहिल्यांदाच ऐकतेयस… जमेल ना?… आता हसतेस कशाला?… स्पीकरवर होतं? पराग तिथेच बसलाय?… काय म्हणतोय तो?… कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही?…

बरं बाबा, माझ्या. चल, ठेवते… मशीन सुरू झालं. 'वै' आलासुद्धा बघ.