दिलीपच्या व्हॅनचं इंजिन

आमच्या दिलीपचं सांगतो, ऐका. तिकडे आखातात, मुसफ्फ्यातल्या एका गॅरेजात त्याने सुट्टीचे सगळे दिवस घालून एक जुनी व्हॅन सजवली, रुंद चाकं लावली आणि भंगारातल्या अपघाती गाडीचं दांडगं इंजिन बसवलं. चाकाखाली लिंबू ठेवून चावी फिरवली, तशी ती गरजली.

"काका, जमलं!" दिलीप माझ्याकडे बघून ओरडला.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा अरब आत आला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"ये मेरा बेटा का गाडी का आवाज. बेटा मर गया, हबीबी. तुम चलाओ, लेकिन शाम को हमारा गल्ली में मत लाना. रोज आवाज सुनके उसका माँ गेट खोलता है."

दिलीप चाचरला. "बाबा, ये इंजिन तो भंगार से लाने के बाद आज पहली बार चालू हुआ."

म्हाताऱ्याने हात हळूच मागे घेतला.

"तो रोज कौन आता है?"